मिसळीच्या रश्श्यासाठी ५० लिटरचं स्टीलचं पातेलं: हलकं घेऊ की जड?

पंचवटीची_मिसळ
नमस्कार मंडळी. घरूनच मिसळ विकते. रविवारी दीडशे प्लेटी जातात आणि रस्सा प्रत्येक जण दोनदा मागतो. गेल्या वर्षी घेतलेल्या पातेल्याचं बूड सहा महिन्यांत फुगलं. आता भट्टीवर भोवऱ्यासारखं डुलतं, वाटण खाली बसून धरतं. परवा भरलेलं उतरवताना एक कान हातात आला. नशीब, रस्सा निवलेला होता.

काल भांडी बाजारात दोन बघितली. दोन्ही ४० सेंटिमीटर रुंद, तेवढीच उंच. एक साडेतीन किलोचं, भाव किलोला ३२०. दुसरं सहा किलोचं, भाव ४९०. दोन्ही दुकानदार म्हणतात ३०४ स्टील. चुंबक लावलं, एकालाही चिकटलं नाही. मग अठराशे रुपये जास्त कशाचे?

सातपूर_रिटायर्ड
ताई, चुंबकावर जाऊ नका. ते ३०४ला चिकटत नाही तसं २०२ नावाच्या स्वस्त स्टीललाही चिकटत नाही. घट्ट चिकटलं तर निकेल नसलेला पत्रा आहे, एवढंच कळतं. उलट अस्सल ३०४चा वळवलेला काठसुद्धा दाबकामामुळे किंचित ओढतो.

३०४मध्ये क्रोमियम १८ टक्के, निकेल ८ टक्क्यांच्या आसपास. २०२मध्ये निकेल जवळपास निम्मं आणि भरपाईला मँगनीज, कारण निकेल महाग. पॉलिश मारलं की दोन्ही सारखीच चमकतात. खात्री करायची तर भंगारवाल्याकडे टेस्टिंगची बाटली असते. पत्र्यावर थेंब टाकून बॅटरीच्या तारा टेकवायच्या. थेंब लाल झाला की मँगनीजवालं.

पण माझं म्हणाल तर आधी काटा. पत्र्याच्या कामात तीस वर्षं गेली, सवयच लागली. तुमच्या पातेल्याचा घेर १२६ सेंटिमीटर, उंची ४०, त्यात बूड मिळवा: साधारण ६३०० चौरस सेंटिमीटर पत्रा. स्टील घनसेंटिमीटरला ८ ग्रॅमच्या किंचित आत. पत्रा १.२ मिलिमीटर, म्हणजे १८ गेज असेल तर सहा किलो भरतं. साडेतीन किलो म्हणजे ०.७, बावीस गेज. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ, इथेच गिऱ्हाईक गंडतं. झाकण काढून तोला, नाहीतर झाकणाचं वजनही पातेल्याच्या नावावर जातं.

तुमचं जुनं बहुतेक बावीसचंच. स्टील उष्णता फार सावकाश पसरवतं, ॲल्युमिनियमच्या दशांशाहूनही कमी. जाळाखालची जागा तापून फुलते, कडा थंड राहतात, पसरायला वाव नाही, मग बूड टरारतं. वाटण धरतं तेही त्याच जागी.

नाना_केटरिंग
साहेबांचा हिशेब बरोबर, पण बाजू जाड कशाला? रस्सा करपतो तळाला. वीस गेजची बाजू आणि खाली ॲल्युमिनियम दाबलेलं सँडविच बूड मिळालं तर ते घ्या. बुडावर बोटाच्या पेरानं वाजवा. पातळ पत्रा टणटणतो, जाड बूड ठक्क करतं. शिवाय ५० लिटर रस्सा म्हणजेच पन्नास किलो, त्यावर पातेलं. कान रिपिट मारलेलेच हवेत, नुसते डाग देऊन चिकटवलेले नकोत. रिपिटांच्या डोक्याभोवती मसाला अडकतो, घासताना आमची बाई शिव्या घालते, पण कान हातात येण्यापेक्षा ते परवडलं.

आणि मीठ उकळी आल्यावरच टाका. गार पाण्यात टाकलं की तळाशी बसतं आणि स्टीलला बारीक खड्डे पाडतं. एकदा पडले की जात नाहीत.

सातपूर_रिटायर्ड
नानांचं सँडविच बूड मान्य. फक्त भट्टीचा जाळ त्या चकतीच्या बाहेर जाता कामा नये, नाहीतर चकतीच्या कडेनं करपल्याचं गोल कडं उमटतं. आणि आयएसआयचा छाप बघा. स्टीलच्या भांड्यांना तो सक्तीचा करायचा आदेश २०२४मध्ये निघालाय, मानक आयएस १४७५६.

पंचवटीची_मिसळ
आज भाच्याला घेऊन गेले, त्याच्याकडे ती बाटली होती. जड पातेल्यावर थेंब टाकला आणि लालभडक झाला! दुकानदार आधी म्हणाला बाटली जुनी आहे. मग भाच्याने त्याच्याच गल्ल्यावरच्या स्टीलच्या ताटलीवर टाकून दाखवला, तिथे लाल झाला नाही. सँडविच बुडाचं या मापात कुठे मिळालं नाही. शेवटी जडच घेतलं, किलोला ३३० लावून. कानाला दोन्हीकडे तीन-तीन रिपिटं आहेत. चुकले का?

सातपूर_रिटायर्ड
नाही. या भावात अठरा गेजचं २०२ मी पण घेतलं असतं, पातळ ३०४पेक्षा बरं. फक्त उरलेला रस्सा रात्रभर त्यात ठेवू नका, खारट-आंबट त्याला सोसत नाही. आणि बिलावर '३०४' लिहिलं असेल तर ते खोडून घ्या, उद्या मोडीत काढाल तेव्हा तुम्हीच खोट्या पडाल.