सिग्नलला गाडीत सडक्या अंड्याचा वास – मदत हवी आहे

मंडळी, आमची २०१६ची पेट्रोल गाडी आहे. वर्धा रोडवर सिग्नलला थांबलं की आत सडक्या अंड्यासारखा वास भरतो. एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवली की कमी होतो, गाडी पळायला लागली की जातो. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं तर कोरडी काळी काजळी लागते, अ‍ॅव्हरेजही पडलंय. ऑइल, कूलंट मात्र जिथल्या तिथे.

मेकॅनिक थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) बदला म्हणतात. मला पटत नाही. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय; दोष ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) किंवा गळक्या इंजेक्टरचा (इंजिनात पेट्रोल फवारणारा) असला तर नवा कन्व्हर्टरही खराब होणार. एवढा खर्च करण्याआधी नेमकं काय तपासून घ्यावं?

मागच्या सीटवर आई-बाबा बसतात, त्याची जास्त काळजी आहे. या वासासोबत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही आत येत असेल, आणि त्याला तर वासच नसतो. सध्या काचा खाली करून चालवतोय, पण नागपूरच्या उन्हात किती दिवस? सायलेन्सरच्या जोडांची आणि डिक्कीच्या रबराची गळती घरी कशी बघायची? स्कॅनर लावून सेन्सरचं चालू रीडिंग दाखवणारं गॅरेज मानेवाडा, प्रतापनगरकडे असेल तर कृपया सांगा.