३ बारमध्ये २१० जॉब बसायला हवे होते, २०१च निघाले, माझं कुठे चुकलं?

साकीनाका_लेथ
नमस्कार मंडळी, साकीनाक्याला गाळ्यात काम करतो, मटेरियलचा हिशोब पहिल्यांदाच माझ्याकडे आलाय. ५० मिमी डायाचा (व्यासाचा) इएन ८ म्हणजे मध्यम कार्बन स्टीलचा राउंड बार, बारची लांबी ६००० मिमी, जॉबची फायनल लांबी ८२ मिमी, नग २१०. मी ६००० ला ८२ ने भागलं, एका बारमध्ये ७३ आले म्हणून ३ बारच मागवले. साहेबांनी प्रत्येक तुकडा ८५ कापायला सांगितला, हॅक्सॉ मशीनवर कापले आणि एका बारमधून ६७च निघाले. ९ नग कमी पडतायत, पार्टी उद्या फोन करणार, रात्री झोप नाही लागली. शेवटचे आखूड तुकडे भंगारात टाकू का?

जुना_टर्नर
अरे ८२ ने भागायचं नसतं. दोन्ही बाजूंच्या फेसिंगला (लेथवर तोंड सपाट करायला) दीड दीड मिमी धरून ८५ झाले ते बरोबरच, पण ब्लेड जे खातं ते कुठे धरलंस? हॅक्सॉ मशीनचं ब्लेड साधारण ३ मिमी खातं, म्हणजे नगामागे ८८. बारचं तोंड साफ करायला १० गेले, राहिले ५९९०, त्याला ८८ ने भाग, ६८ येतात, पण शेवटी व्हाइसमध्ये पकडायला माल लागतो म्हणून मशीनवर ६७ला थांबावं लागतं. बँडसॉ (पट्ट्याच्या ब्लेडची करवत) असता तर दीड मिमीच्या आसपास गेलं असतं. आणि ६००० कागदावर असतं बाबा, बार आला की आधी टेप लावायचा, कधीकधी आखूड निघतो.

अजून एक, कापलेल्या तोंडाला गुण्या लावून बघ. ब्लेड बोथट झालं की कट तिरका जातो, मग दीड मिमी फेसिंगमध्ये तोंड साफ होत नाही आणि तो नगच बाद होतो. हे मी स्वतः भोगलंय.

भांडुप_जॉबवर्क
भंगारात टाकू नकोस!! ६७ गुणिले ८८ म्हणजे ५८९६, ५९९० मधून गेले की ९४ उरतात. तुला ८५ हवेत, म्हणजे तो शेवटचा तुकडा हाच एक जॉब आहे, त्याला परत कापायचंच नाही, लेथवर फेसिंगमध्ये जास्तीचं काढ. ३ बारचे ३ नग वाढले, २०४ झाले.

आणि कोटेशनमध्ये वजन नेट, म्हणजे फक्त तयार जॉबचं, धरलं असेल तर तेही बघ. डायाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला १५.४३ किलो. ८२ चा नेट नग १.२७ किलोचा, पण ३ बारचं वजन २७८ किलो भागिले २०४ केलं तर नगामागे १.३६ पडतात. तो फरक पार्टीकडून घ्यायचा असतो, आपल्या खिशातून नाही.

साकीनाका_लेथ
दादा आत्ता टेप लावला, एक ९३, दोन ९४!! भंगारवाल्याच्या पोत्यातच टाकले होते, काढले बाहेर. म्हणजे आता ६ नगच कमी. पण बँडसॉवर कापले असते तर पुरले असते का?

जुना_टर्नर
नाही. ८६.५ ने भाग, शेवटचा तुकडा धरून बारमागे ६९, म्हणजे २०७. चूक मागवतानाच झाली, त्यात मशीनचा दोष नाही. आता कुंभारवाड्यात ६०० मिमीचा कटपीस मिळतो का बघ, ६ नग आरामात बसतील. तुझ्या २०१ कटांनी ६०३ मिमी बार खाल्लाय, म्हणजे जवळपास तेवढाच. पुढच्या वेळी सेटिंगला २-३ नग जास्तीचे धर, पहिला नग क्वचितच पास होतो.