मदत हवी आहे : मृत्युपत्राचे एक्झिक्युटर मामा, १३ महिन्यांत एकही सही नाही

आई आधीच गेली होती, बाबा गेल्या वर्षी श्रावणात गेले. मृत्युपत्र रजिस्टर केलेलं आहे. कोथरूडचा फ्लॅट मला आणि धाकट्या भावाला निम्मा-निम्मा, बँकेतल्या ठेवी ताईला. आमच्यात भांडण नाही, हे आधीच सांगते. एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारा) म्हणून बाबांनी मामांचं नाव घातलं, कारण मामा हिशोबाला पक्के. तेच आता नडतंय.

मामा ७४ वर्षांचे. त्यांच्याकडे एक चॉकलेटी रेक्झिनची बॅग आहे, चेन तुटलेली, तिला सेफ्टी पिन. मी नाशिकहून गेले की ती दिवाणावर रिकामी होते. १९९४ सालची मेंटेनन्सची पावती, गॅसचं पुस्तक, कधीच विकलेल्या स्कूटरची पीयूसी. एकेक कागद वाचायचा, पेन्सिलीने नंबर टाकायचा, परत आत. "सगळं जुळल्याशिवाय सही नाही गं. उद्या कुणी बोट दाखवायला नको." तेवढ्यात मामी चहा आणतात. पितृपक्ष झाला की बघू, मग दिवाळी, मग नातीची परीक्षा. आता परत पितृपक्ष आलाय.

इकडे फ्लॅट बंद, आणि मेंटेनन्स थकला म्हणून सोसायटी २१ टक्क्यांनी व्याज लावतेय. भाऊ जर्मनीत. गेल्या रविवारी त्याचा फोनवर आवाज चढला. मामा नुसतं "बरं" म्हणाले. तेव्हापासून फोन मामीच उचलतात.

मूळ मृत्युपत्र त्या बॅगेत आहे. त्याच्याशिवाय काही करता येईल का? एक्झिक्युटरला काही मुदत असते का? वकिलाची नोटीस पाठवा असं कृपया सांगू नका. मला मांडवात त्यांनीच हाताला धरून आणलं होतं.

प्रतिसाद : जुना_कारकून

वकील नाही, पण वडिलांच्या वेळी यातून गेलोय. बॅग राहू दे. रजिस्टर मृत्युपत्राची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून, मृत्यूचा दाखला जोडून मिळते.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३३७ प्रमाणे मृत्यूनंतर १ वर्ष होईपर्यंत एक्झिक्युटरवर वाटपाची सक्ती नसते. तुमचं ते वर्ष संपलंय. कलम ३०१ खाली उच्च न्यायालय एक्झिक्युटर काढू शकतं, पण तुम्हाला तिथवर जायचंच नाहीये. मामांनी अजून कारभाराला हात लावलेला नसेल तर ते लेखी सही करून हे काम नाकारू शकतात. आजवर काही केलं नाही, ते इथे कामी येईल! पुण्यात प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयाच्या दाखल्याची, सक्ती नाही. आमच्या सोसायटीने नक्कल आणि सगळ्या वारसांची हमीपत्रं घेऊन नावं लावली. बँक अडून बसली तर मात्र न्यायालयातून लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेचा कारभार बघण्याचा अधिकार देणारा आदेश) घ्यावी लागतील, त्यासाठी वकील लागेलच.

आणि थकबाकी आधी तुम्ही दोघं भरून टाका. व्याज कुणाच्या पितृपक्षासाठी थांबत नाही.

धागाकर्ती

आभार. थकबाकी आजच भरते, नकलेसाठी सोमवारी रजा टाकलीय. नकाराचं पत्र मामांनाच लिहायला सांगावं म्हणते. अक्षर सुंदर आहे त्यांचं. फक्त चार वेळा खाडाखोड करून पाचव्यांदा लिहितील, तेवढा वेळ धरून चालते.