महालातल्या रद्दीत १६०३चा हॅम्लेट? खरा की नक्कल, कसं ओळखायचं?

बर्डीचा_वाचक
नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यातली जुनी पुस्तकं विकायला निघाली आहेत. त्यातल्या एका पातळ पुस्तकाचे विक्रेता ३५ हजार सांगून राहिला. शीर्षकपानावर हॅम्लेट, मधात माशाचं चिन्ह, तळाशी १६०३. पान २३ बाय १८ सेंमी. पृष्ठांक नाहीत, एस हे अक्षर जुन्या पद्धतीचं, एफसारखं लांब. समासात बारीक आकडे छापलेले आहेत. शीर्षकपानाआधी काही पानं कापल्यासारखे कागदाचे थोटके शिलाईत दिसतात. शेवटचं पान शाबूत. कागद पिवळट, कडा बोटानं दाबली की तुटते. घ्यावं का?

खिळे_आणि_शाई
भाऊ, ३५ हजार देऊ नका. हातात भिंग घ्यायच्या आधीच तुमच्या वर्णनात निकाल आहे.

१६०३च्या या आवृत्तीच्या जगात दोनच प्रती माहीत आहेत. एक १८२३ मध्ये इंग्लंडात सापडली, ती आज कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. तिला शीर्षकपान आहे, पण शेवटचं पान नाही. दुसरी १८५६ मध्ये उजेडात आली, ती ब्रिटिश लायब्ररीत. तिला शेवटचं पान आहे, शीर्षकपान नाही. तुमच्याकडे दोन्ही शाबूत! म्हणजे एक तर ही जगातली तिसरी प्रत, नाही तर दोन्ही प्रती जोडून काढलेली नक्कल. समासातले आकडे दुसरी गोष्ट सांगतात. ते अंक, प्रवेश आणि ओळींचे क्रमांक. १६०३च्या जुळाऱ्यानं, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं, ते लावलेच नव्हते, ही सोय पुढच्या अभ्यासकांची. १८८० पासून लंडनच्या विल्यम ग्रिग्ज यांनी शेक्सपिअरच्या क्वार्टोंच्या (ताव दोनदा घडी घालून केलेल्या पुस्तकांच्या) फोटोवरून शिळाछाप प्रती काढल्या, त्यांत असे क्रमांक असतात आणि सुरुवातीला प्रस्तावनाही असते. थोटके त्याच प्रस्तावनेचे असावेत. ती कापली की १६०३ तेवढं उरतं, आणि भाव चढतो.

मासा मात्र अस्सल गंमत आहे. प्रकाशक निकोलस लिंग, आणि लिंग नावाचा मासाही असतो. नक्कल असली तरी चिन्ह त्याचंच.

पक्कं करायचं तर टॉर्च पानाच्या मागच्या बाजूला जवळजवळ आडवा धरा. खिळ्याच्या छपाईत अक्षर कागदात रुततं, मागून उंचवटे दिसतात. शिळाछापीत पान सपाट. मग सोनाराचं दहापट भिंग घ्या. खिळ्याच्या छपाईत शाई दाबाखाली बाहेर सरकते, म्हणून अक्षराच्या कडेला गडद किनार आणि मध्ये जरा फिकं. सगळीकडे सारखा काळा, कडा मऊ, तर शिळाछाप. ठिपक्यांची जाळी दिसली तर आणखी अलीकडचं.

जुनंपान
वरची चाचणी बरोबर, पण एक भोक आहे. १८२५ मध्ये लंडनला याच आवृत्तीचं पुनर्मुद्रण झालं, तेही खिळे जुळवून. तिथे अक्षर रुतलेलंच सापडेल, म्हणून उंचवटे दिसले की १६०३ असं धरू नका. त्याची ओळख शेवटी आहे. दुसरी प्रत तेव्हा मिळालेली नव्हती, म्हणून त्यात शेवटचं पान येतच नाही.

कागद जास्त खरं बोलतो. पान उजेडासमोर धरा. त्या काळच्या हातकागदात बारीक रेघांची जाळी आणि तिला छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंमी अंतरावरच्या ठळक रेघा दिसतात. क्वार्टोत ताव दोनदा घडी घालतात, त्यामुळे ठळक रेघा आडव्या येतात आणि वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटलेली, उजेडासमोर दिसणारी खूण, शिलाईच्या घडीत अडकतो. फोलिओत, म्हणजे एकाच घडीत, रेघा उभ्या. क्वार्टो म्हणून विकतात आणि रेघा उभ्या दिसतात, तर थांबा. रेघाच नसतील तर कागद अठराव्या शतकाच्या मध्यानंतरचा. आणि तुटणारी कडा? चिंध्यांचा कागद चारशे वर्षांनीही लवचीक राहतो. असं तुटणं बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या लाकडाच्या लगद्याच्या, आम्लयुक्त कागदाचं लक्षण.

छापलेलं साल हा पुरावाच नाही. १६१९ मध्ये लंडनच्या जॅगार्डच्या छापखान्यात प्रकाशक पेव्हिअरसाठी छापलेल्या काही नाटकांवर १६०० आणि १६०८ अशी खोटी सालं आहेत. १९०८ मध्ये अभ्यासक ग्रेग यांनी ते उघड केलं, तेही कागदाच्या वॉटरमार्कांवरून. वेगवेगळ्या सालांच्या नाटकांना एकाच साठ्यातला कागद कसा?

बर्डीचा_वाचक
पाहून आलो. पाठ सपाट, रेघा नाहीत, भिंगाखाली सारखा काळा रंग. नाटकातल्या पोलोनियस या पात्राच्या जागी कोरांबिस हे नाव आहे, ते काही सिद्ध करतं का?

खिळे_आणि_शाई
नाही. कोरांबिस हे १६०३च्या मजकुरातलंच नाव, त्यामुळे ते प्रत्येक नकलेतही येणार. मजकूर कोणता हे कळतं, कधी छापलं हे नाही. आवडलं तर दोन-तीन हजारांत घ्या. वाचायला मजा आहे, पुढच्या आवृत्तीपेक्षा बराच आखूड आणि 'टू बी ऑर नॉट टू बी'नंतरची ओळ चक्क वेगळी.

खळवाली_ताई
घेतलंत तर सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन तिन्ही नको. टेपचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो. थोटके तसेच ठेवा, तोच पुरावा आहे. सुटं पान जोडायचं तर जपानी टिश्यूची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ, तीही जाणत्याकडून. पुस्तक आम्लरहित कागदात गुंडाळून आडवं ठेवा, दोरी बांधू नका, ती कडा कापते.

नागपुरात खरी अडचण मेमधला कूलर. बाहेर कोरडं असतं म्हणून निर्धास्त राहतो आणि कूलरच्या खोलीत कागद ओल ओढतो. दुपारी ओल, रात्री कोरडं, अशा ताणानं हाच ठिसूळ कागद आणखी फाटतो. कूलरच्या समोरच्या भिंतीला कपाट नको. आत आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधात राहिला पाहिजे. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण पानांना चिकटवून नाही. डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला कपाटात टाकून तसाच सोडू नका, पाल्याचे डाग पडतात. कसर लागली का, हे महिन्यातून एकदा पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पाहा. ती खळ खायला तिथेच येते.