मदत हवी आहे : आईला नवी राणी पटत नाही. 'रुयी' पुढे बघू की सोडून देऊ?

नमस्कार मंडळी,

प्रश्न चिनी मालिकांचा आहे. इथे बघणारे बरेच आहेत हे माहीत असल्यामुळे धीर करून विचारतेय.

आई ७३ वर्षांची. मार्चमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. मराठी मालिकांना ती वैतागलेली. एकदा स्वयंपाक करता करता मी टीव्हीवर 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' लावली होती. आई वॉकर घेऊन आली, बसली, आणि कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी उठली नाही. ७६ भाग! मी इंग्रजी सबटायटल्स वाचून मराठीत सांगायची. चिनी नावं तोंडात बसेनात म्हणून तिने सगळ्यांची बारशी केली. नायिका झेन हुआन म्हणजे 'आपली'. गोड बोलून गर्भपात घडवणारी पट्टराणी म्हणजे 'साजूक'. हुआ फेइ म्हणजे 'भुवया'. बादशहा 'मालक'.

ती संपल्यावर घरात सुतक असल्यासारखं झालं. मग शोधून 'रुयी'ज रॉयल लव्ह इन द पॅलेस' लावली. लेखिका तीच, ल्यू ल्येन्झ. गोष्ट पुढच्या पिढीची, म्हणजे आपलीच माणसं भेटतील असं वाटलं. भाग ८७, म्हणजे पावसाळ्याची सोय.

पहिल्याच भागात आईने चष्मा काढून पुसला. "ही पोरगी? लग्नाची? अगं वय बघ हिचं. आणि घसा बसलाय का?" मी गुपचूप शोधलं. रुयी झालेली चौ शुन १९७४ची. मालिका २०१८ची, आणि सुरुवातीला ती पंधरा-सोळा वर्षांची मुलगी दाखवली आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण 'साजूक'च्या जागी वेगळीच बाई आली, आणि राजमाता झालेली 'आपली'सुद्धा वेगळी. आमचा संवाद असा :
"आपली मेली का?"
"नाही गं, हीच आपली."
"ही आपली नाही."

चौदा भाग झालेत. रोज बघते, रोज कुरकुरते. चेहरा पुढे डोळ्यांत बसतो का? चीनमधल्या लोकांनाही हे खटकलं होतं की आम्हीच किरकिरे? आणि सोडायचीच झाली तर तिच्या पचनी पडेल असं दुसरं काय आहे? मारामारी चालेल. भुतं नकोत.

---

खारीबिस्किट

किरकिरे नाही आहात. चौ शुनच्या त्या 'मुली'वरून तिकडेही भरपूर बोलणं झालं. बाई साधीसुधी नाही. चिनी सिनेमातले गोल्डन हॉर्स, गोल्डन रूस्टर आणि हाँगकाँग फिल्म अवॉर्ड, तिन्ही अभिनयासाठी घेतलेली. पण पडद्यावर 'ही षोडशा' म्हटलं की पुरस्कार बघायला कोण जातं?

माझ्या मते खरी अडचण चेहऱ्याची नाही, आवाजाची आहे, आणि आईंनी ती बरोब्बर पकडली. चिनी ऐतिहासिक मालिकांत बहुतेक नटांचा आवाज त्यांचा स्वतःचा नसतो. सेटवर गोंगाट असतो, हाँगकाँग-तैवानच्या नटांचा हेल वेगळा पडतो, मग स्टुडिओत दुसऱ्याच कलाकाराकडून डबिंग करून घेतात. तुमची 'आपली' म्हणजे सुन ली. ती १९८२ची, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी अठ्ठाविशीला टेकलेली, आणि कोवळ्या मुलीपासून सुरुवात करते. तेव्हा आईंनी वय विचारलं का? नाही. कारण कानावर जी ग्वानलिनचा आवाज पडत होता. डबिंगमधली मोठी कलाकार आहे ती. राजवाड्यात येतानाचा आवाज आणि राजमाता झाल्यावरचा आवाज एकापाठोपाठ एक ऐका, अंगावर काटा येतो. 'साजूक' झालेली एडा चोई हाँगकाँगची, तिलाही दुसरीचाच आवाज आहे.

चौ शुन मात्र 'रुयी'त स्वतःच्या आवाजात बोलते, आणि तिचा आवाज पहिल्यापासून घोगरा. मुलगी म्हणून तो बोचतो. पुढे रुयीची एकेक आशा मरत जाते तेव्हा मला त्या आवाजाशिवाय ती सुचेना. तिसाव्या भागापर्यंत कळ काढा.

---

तळ्यातमळ्यात

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'रुयी'तली नवी 'साजूक' म्हणजे जोन चेन आणि नवी 'आपली' म्हणजे विवियन वू. १९८७च्या 'द लास्ट एम्परर' सिनेमात याच दोघी शेवटच्या बादशहाच्या बायका होत्या, पहिली पट्टराणी आणि दुसरी धाकटी. तीस वर्षांनी दोघींना पुन्हा समोरासमोर बसवलंय, एक हरलेली, एक जिंकलेली. ज्यांना हे माहीत असतं ते त्यांच्या प्रसंगाला खुर्चीत पुढे सरकतात. आईंना हे सांगून बघा, कदाचित माफ करतील.

आणि 'मालक' नट म्हणून आवडला का हो त्यांना? चेन जियानबिनला तिकडचे प्रेक्षक प्रेमाने 'जाडा नारिंगी बोका' म्हणतात. एवढ्या सुंदर बायका याच्यासाठी भांडतात कशा, हा तिथला कायमचा विनोद. मला विचाराल तर तीच निवड सगळ्यांत हुशारीची. बादशहा देखणा घेतला असता तर ती प्रेमकथा झाली असती. इथे त्या बायका बोक्यासाठी भांडत नाहीत, जिवंत राहण्यासाठी भांडतात.

---

बेरकी

सोडा ती 'रुयी'. 'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस' लावा. ७० भाग, तीही २०१८चीच, 'रुयी'च्या महिनाभर आधी आली आणि सगळं मैदान मारून गेली. नायिका वू जिन्यान तेव्हा फार कोणाला माहीत नव्हती. निर्मात्याने पैसा बड्या नावांवर न उधळता कशिद्यावर, रेशमी फुलांवर घातला, आणि तो पडद्यावर दिसतो.

त्या काळात तिकडे नटांच्या मानधनावरून गदारोळ चालला होता. २०१७मध्ये मालिकावाल्यांच्या संघटनांनी मर्यादा ठरवली : सगळ्या कलाकारांचं मिळून मानधन निर्मितीखर्चाच्या ४० टक्क्यांच्या आत, आणि त्यातलं मुख्य कलाकारांचं ७० टक्क्यांच्या आत. म्हणजे आधी काय चालत असेल ते समजून घ्या.

फक्त एक धोका. दोन्ही मालिकांत बादशहा तोच, छ्येनलोंग, आणि राण्याही त्याच. पण 'रुयी'ची नायिका 'यान्शी'त खलनायिका आहे, शार्मेन शेने केलेली. आणि 'यान्शी'ची नायिका 'रुयी'त कारस्थानी, ली चुनने केलेली. त्यामुळे एक अर्धवट टाकून दुसरी सुरू करू नका, डोकं फिरेल. इतिहासात १७६५ साली त्या राणीचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

---

दुपारचा चहा

चेहरा डोळ्यांत बसण्याबद्दल.

'लाल महालातलं स्वप्न' ही त्यांची अभिजात कादंबरी. १९८७च्या मालिकेसाठी दिग्दर्शक वांग फुलिनने देशभरातून नवखी मुलंमुली गोळा केली, आणि १९८४मध्ये बीजिंगच्या जुन्या राजोद्यानात, युआनमिंगयुआनमध्ये, त्यांचे वर्ग घेतले. कादंबरी वाचा, वाद्य शिका, बुद्धिबळ, सुलेखन, चित्रकला शिका, मग कॅमेऱ्यापुढे या. आनशान गावातल्या चेन श्याओशू नावाच्या मुलीने अर्जासोबत फोटो आणि स्वतःची एक कविता पाठवली होती, वाऱ्यावर उडणाऱ्या विलोच्या कापसाची. तिला लिन दाययू मिळाली. क्षयाने झिजणारी, कविता करणारी, मनाला लावून घेणारी नायिका. त्यानंतर तिने अभिनय जवळजवळ सोडलाच, जाहिरातींच्या धंद्यात गेली. २००७च्या फेब्रुवारीत भिक्षुणी झाली आणि मे महिन्यात कर्करोगाने गेली. लोकांनी 'दाययू गेली' म्हणूनच शोक केला.

२०१०मध्ये ली शाओहोंगने तीच कादंबरी पुन्हा केली, ५० भागांत. त्याआधी पात्रं निवडायला टीव्हीवर मोठी जाहीर स्पर्धा झाली होती. म्हणजे या वेळी तर लोकांच्या डोळ्यांदेखत निवड! तरी बोंब झालीच. नवी दाययू, ज्यांग मंगज्ये, गोल गालांची, तब्येतीने बरी. क्षयाची पोर अशी गुटगुटीत कशी? कपाळावर नाण्यासारखी चिकटवलेली केसांची वळणं तर इतकी खटकली की त्या केशरचनेला 'तांब्याच्या नाण्याचं डोकं' असं नाव पडलं. गंमत म्हणजे त्याच मालिकेत लहानमोठ्या भूमिकांत यांग यांग, ली छिन, चाओ लीयिंग होते. आज ही मोठी नावं आहेत. त्या वेळी तिकडे कोणाचं लक्ष?

आपल्याकडे 'स्वामी' मालिका बघितलेल्या पिढीला माधवराव म्हटलं की रवींद्र मंकणी आणि रमाबाई म्हणजे मृणाल देव. त्यांना दुसरे माधवराव दाखवून बघा.

---

बेरकी

'कोंडोर हीरोज'चं राहिलंच. श्याओलोंगन्यू ही थडग्यात वाढलेली, शुभ्र वस्त्रांतली, जगाचा वारा न लागलेली नायिका. २००६मध्ये ल्यू यीफेइने केली आणि लोक म्हणाले हीच ती. २०१४मध्ये तैवानची मिशेल चेन आली. गोल चेहरा, त्यात फुगीर केस. लगेच श्याओलोंगन्यूची 'श्याओलोंगपाओ' झाली, म्हणजे रस्सा भरलेला वाफवलेला मोदकासारखा डंपलिंग. एका अक्षराचा खेळ, पण देशभर चालला.

---

खारीबिस्किट

@बेरकी, हसू येतं खरं, पण त्यात भूमिकेवरची टीका कमी आणि बाईच्या गालांवरची जास्त होती. २०१७च्या 'इटर्नल लव्ह'मध्ये मार्क चाओच्या दिसण्यावरही सुरुवातीला नाकं मुरडली. 'हा कसला देवांचा राजपुत्र?' पण ५८ भागांत तो कामाने जिंकला, आणि त्याच वर्षी त्याच कादंबरीवर आलेल्या सिनेमातला देखणा यांग यांग मागे पडला. नायिकांना ही सवलत कमीच मिळते.

पुरुषांतलं सगळ्यांत जुनं उदाहरण थांग क्वोछ्यांगचं. तिकडच्या शब्दात 'लोण्यासारखा' नट, आपल्या भाषेत चॉकलेट हीरो. १९९४च्या 'थ्री किंगडम्स'मध्ये त्याला चाणक्यासारख्या चुग ल्यांगची भूमिका दिली तेव्हा लोक साशंक होते. आज पिसांचा पंखा हातात घेतलेला चुग ल्यांग म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण मध्ये फिजिओथेरपी आणि पाहुणे.

कळ काढली. 'रुयी' निम्म्याच्या पुढे गेली. आवाजाची कुरकुर कधी थांबली मला कळलंच नाही. परवा मी सबटायटल सांगायला तोंड उघडलं तर मला हाताने गप्प केलं. "थांब, तिला बोलू दे." चिनीचं एक अक्षर कळत नाही, पण ऐकत होती. जोन चेन-विवियन वूची गोष्ट तिला फार आवडली, शेजारच्या काकूंनाही सांगून झाली. राजमातेला मात्र अजून 'आपली' म्हणत नाही. 'त्या सासूबाई' म्हणते.

बेरकी, तुमचा सल्ला मोडला. रविवारी वीज गेल्यामुळे लिंक तुटली, वीज आल्यावर घाईत मी 'यान्शी पॅलेस' लावून बसले. आता 'रुयी'तली कारस्थानी बाई इथे नायिका आहे, चेहरा वेगळा, पण मीच मूर्खासारखं सांगून टाकलं की ही तीच. छिन लानने केलेली गरीब स्वभावाची पट्टराणी तिला जवळ बसवून अक्षरं गिरवायला शिकवते, आणि आमच्या हॉलमधून आवाज येतो, "बाई गं, हिच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नकोस!"

तेव्हा आता सकाळी 'रुयी' आणि रात्री 'यान्शी' असं वेळापत्रक आहे. एकच विनंती, १७६५बद्दल कोणी काही लिहू नका. मोबाइलवर अक्षरं मोठी कशी करायची ते भाच्याने दाखवल्यापासून हा धागा आई स्वतः वाचते.