'कम्प्लीट स्ट्रीट्स'ला मराठीत काय म्हणावं?

पाणपोई : पुणे महानगर प्रदेशातल्या सगळ्या रस्त्यांना लागू पडेल असं एकच धोरण असावं, म्हणून आम्ही काही जण निवेदन लिहितोय. पायी चालणारे, सायकलवाले, बसची वाट बघणारे, चाकाच्या खुर्चीवरचे, मोटारवाले या सगळ्यांची सोय धरून आखलेला रस्ता, असा अर्थ हवा आहे. मसुद्यात 'परिपूर्ण रस्ते' आणि 'सर्वसमावेशक रस्ते' असे दोन शब्द आलेत. मला दोन्ही खटकतात.

शिवार : 'परिपूर्ण' नकोच. ऐकणाऱ्याला वाटेल, डांबर पडलं, दुभाजक रंगवला, रस्ता पुरा झाला. अमेरिकेत 2003 मध्ये 'कम्प्लीट स्ट्रीट्स' हे नाव पुढे आलं, कारण त्याआधीचं 'रुटीन अकॉमोडेशन' हे कचेरीतलं नाव कुणाच्या तोंडी बसत नव्हतं. लोकांना चटकन कळावं एवढाच हेतू होता, आणि मराठीत तो 'सर्वांचा रस्ता' म्हटल्याने साधतो. 'सर्वांसाठी'पेक्षा मला हे जवळचं वाटतं, कारण 'साठी' म्हटलं की देणारा कुणी वेगळा असतो.

वाटेवरून जाण्याच्या हक्काला आपल्याकडे जुना शब्द आहे : वहिवाट. शेतावर जायची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. गावनकाशात गाडीमार्ग वेगळा, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. पायमार्गाची रेघ वेगळी, रुंदी सव्वाआठ फूट. चालणाऱ्या माणसाची जागा मोजून ठेवलेली होती! शहरात इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शिकेने पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा सांगितली होती, म्हणजे सहा फुटांहूनही जरा कमी. तेवढीदेखील विजेच्या पेट्या आणि लावून ठेवलेल्या दुचाकी खातात. निवेदनात 'पादचाऱ्यांची वहिवाट' लिहाच. गावाकडून आलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही.

अक्षरवाट : प्रस्तावनेत लिहा, कलमात नको. वहिवाटीचे वाद बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचे असतात. सार्वजनिक रस्त्याच्या धोरणात तो शब्द पाहिला की वकील आधी तोच खोडेल. कलमात 'पदपथाचा हक्क' म्हणा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला आहे, त्याचा आधार मिळेल.

आणि 'वाहतूक' शब्द जपून वापरा. त्यात वाहून नेणं आहे, डोळ्यांपुढे गाड्याच येतात. 'रहदारी'त माणसंही येतात.

पाणपोई : 'रहदारी' घेते. पण फेरीवाले त्यात बसतील का?

शिवार : नाही बसणार. रहदारी हलणाऱ्यांची असते, भाजीवाली तर एका जागी बसलेली असते आणि 2014 च्या पथविक्रेता कायद्याने तिचंही संरक्षण केलंय. तिथे 'रस्त्याचे वापरकर्ते' म्हणा. शब्द रुक्ष आहे खरा, पण बाकावर टेकलेले आजोबाही त्यात येतात.

अक्षरवाट : 'प्रादेशिक धोरण' म्हटलं की कोकण, विदर्भ आठवतात. 'महानगर प्रदेशाचे धोरण' असं लिहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रियापद सांभाळा. रस्ता आखणाऱ्या पालिका, नगरपरिषदा, ग्रामपंचायती अनेक असतात, म्हणून असं धोरण पैशाच्या वाटेने लागू करावं लागतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या नऊ काउंट्यांच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) परिवहन आयोगाने 2006 पासून तेच केलं : आमचा निधी हवा तर पादचारी आणि सायकलस्वारांची काय सोय केली ते तपासणी यादीत भरून द्या. 2022 मध्ये त्यांनी ते धोरण आणखी व्यापक केलं. तुमच्या मसुद्यात 'प्रोत्साहन देण्यात यावे' असेल तर ते काढून 'निधीसाठी बंधनकारक राहील' असं करा. 'शक्यतो' आणि 'आवश्यकतेनुसार' हे दोन शब्दही शोधून काढा. त्यांच्या आडोशाने सगळं धोरण गळून जातं.

पाणपोई : 'शक्यतो' चार ठिकाणी सापडला, काढला. एक राहिलं. जिथे हे सगळं करता येणार नाही, त्या कलमाला आम्ही 'सूट' म्हटलंय.

शिवार : 'अपवाद' म्हणा. सूट मागितली की मिळते, अपवाद सिद्ध करावा लागतो. द्रुतगती मार्गासारखा पायी जायला मनाई असलेला रस्ता हा खरा अपवाद. बाकी ठिकाणी कारण लेखी द्यावं, कोणत्या अधिकाऱ्याने मान्य केलं त्याच्या पदनामासह, आणि ते काम सुरू होण्याआधी लोकांना वाचायला मिळावं, हेही त्याच कलमात घाला.