१९२० च्या दशकातल्या पेपरात 'नाटक केनकडे गेलं' म्हणजे नक्की काय?

तिसरी_घंटा
सध्या ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकधंद्यावरच्या जुन्या पेपरांची स्कॅन वाचायचं वेड लागलंय, साधारण १९२२ ते २९ मधली, त्यात जास्त करून 'व्हरायटी'. इंग्रजी येतं हो, पण हे निम्मं डोक्यावरून जातं. हिट, फ्लॉप ठीक आहे, ते आपणही रोज म्हणतो. पण मधेच एखाद्या नाटकाबद्दल नुसतं एवढंच येतं की ते केनकडे चाललंय. मला वाटलं केन म्हणजे कोणी बडा निर्माता असेल, त्याने नाटक विकत घेतलं, चला बरं झालं बिचाऱ्यांचं. मग दुसरंही केनकडे, तिसरंही. हा माणूस एवढ्या नाटकांचं करत काय होता? शिवाय 'टर्की', 'अंडं घातलं', आणि चाललं तर 'वॉव'. वॉव तेव्हापासून आहे??

मखमली_पडदा
हाहा, केन निर्माता नाही हो, गोडाऊनवाला! न्यूयॉर्कमध्ये नाटकांचे सेट वाहून न्यायचा आणि ठेवायचा त्यांचा धंदा होता. नाटक बंद पडलं की शनिवारच्या शेवटच्या खेळानंतर रंगवलेले पडदे, दारं, जिने, सगळं गाडीत भरून थेट केनच्या वखारीत. दौरा ठरला नाही तर ते तिथेच धूळ खात पडायचं. त्यामुळे 'केनकडे गेलं' म्हणजे गाशा गुंडाळला. मला हा शब्द फार आवडतो कारण त्यात नाटक वाईट होतं असं कोणी म्हणतच नाही, फक्त सामान कुठे गेलं ते सांगतात.

वॉव तेव्हाचाच, खणखणीत हिटला 'वॉव' म्हणायचे. टर्की म्हणजे टुकार, तिसऱ्या दर्जाचा खेळ, हा अर्थ १९२७ मध्ये छापलेला सापडतो. थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतला नोव्हेंबरातला सण) सुमारास घाईघाईत माणसं गोळा करून जे खेळ काढायचे त्यावरून आला असं सांगतात. 'बॉफो' (हाही तुफान हिटलाच म्हणतात) मात्र त्या काळात शोधू नका, तो नंतरचा.

हिशेबनीस
भाषा एवढी रोखठोक का ते पण बघा. 'व्हरायटी' धंद्याचं साप्ताहिक, १९०५ साली साइम सिल्व्हरमनने काढलेलं, वाचणारे सगळे मॅनेजर, एजंट, नट. त्यांना कलेबद्दल प्रवचन नको होतं, गल्ला किती ते हवं होतं. दर आठवड्याला चालू नाटकांची यादी यायची, कितवा आठवडा, अंदाजे किती डॉलर जमले, आणि पुढे एक-दोन ओळींत निकाल. एवढ्याशा जागेत 'अपेक्षित प्रतिसाद लाभला नाही' कोण लिहीत बसणार, 'फ्लॉप' लिहिलं की काम झालं.

आणि खरी गंमत म्हणजे ते समीक्षकांचाही हिशेब ठेवायचे!! बेसबॉलसारखा स्कोअरबोर्ड. किती नाटकं पाहिली, किती अंदाज बरोबर, किती चूक, किती वेळा साहेबांनी मतच दिलं नाही, आणि शेवटी टक्केवारी. म्हणजे नाटक चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही, चालणार की पडणार ते तुम्हाला कळलं का, एवढंच. मला विचाराल तर हा अन्याय आहे, पण वाचायला मजा येते.

तिसरी_घंटा
@हिशेबनीस म्हणजे परीक्षण झोडपणारं आणि नाटक तुफान चाललं तर समीक्षक 'चूक'?

हिशेबनीस
हो ना. 'एबीज आयरिश रोज' घ्या, मे १९२२ मध्ये लागलं, ज्यू मुलगा आणि आयरिश कॅथलिक मुलगी लपून लग्न करतात, मग दोन्ही घरचे बाप. समीक्षकांनी बरंच धुतलं (सगळ्यांनी नाही, न्यूयॉर्क टाइम्सचं परीक्षण चांगलं होतं) आणि ते चाललं २,३२७ प्रयोग. यात सगळ्यात हाल रॉबर्ट बेंचलीचे. तो 'लाइफ'चा नाट्यसमीक्षक, फोटोंवालं लाइफ नव्हे, त्याआधीचं विनोदी साप्ताहिक. त्याला चालू नाटकांच्या यादीत प्रत्येक नाटकाबद्दल काहीतरी छोटंसं लिहावं लागे आणि हे नाटक काही केल्या हलेना. पाच वर्षं नवीन शिवी कुठून आणणार? एकदा नुसतं लिहिलं, 'इब्री १३:८'. बायबल उघडून बघितलं तर तिथे येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच आहे. शेवटी त्याने वाचकांकडूनच ओळी मागवल्या, तर विनोदी नट हार्पो मार्क्सने पाठवली, 'जोराच्या सर्दीहून काही जास्त वाईट नाही हे नाटक'.

मखमली_पडदा
अंड्याचं राहिलंच. अंडं घालणं म्हणजे स्टेजवर जाऊन सपशेल आपटणं, व्हॉडव्हिलवाल्यांची (गाणी, नाच, विनोद असे सुटे खेळ करणाऱ्यांची) बोली. शेअर बाजार कोसळला तेव्हा ३० ऑक्टोबर १९२९ च्या अंकात 'व्हरायटी'ने हेडिंग दिलं, वॉल स्ट्रीटने अंडं घातलं. लोकांचे पैसे बुडाले होते आणि यांनी अख्खा बाजारच एका पडलेल्या नटाच्या शेजारी नेऊन बसवला.

तिसरी_घंटा
आता कळलं, थँक्यू दोघांनाही. मला यातलं थोडं मराठीत आणायचंय, फ्लॉपला 'आपटलं' किंवा 'पडलं' चालेल, अंड्याला 'माती खाल्ली' करेन म्हणते. केनला काय करू?

मखमली_पडदा
केनला केनच ठेवा. फक्त पहिल्यांदा येईल तिथे ती गाडी आणि ते जिने दाखवा.